थॉर्किलची मशाल

अंगणातली मशाल पेटली की थॉर्किलला जेवण जात नसे. शेणापासून गॅस करून तो गावाच्या नळीत सोडायचा, हा त्याचा धंदा. जटलंडच्या थंडीत तो झकास चाले. पण जूनमध्ये घरं तापवणारे बंब बंद होत, नळी तुडुंब भरे, दाब वाढे आणि त्याच्या गॅसला आत शिरायला जागाच उरत नसे. गाई काही ऋतू बघून शेण टाकत नाहीत. मग उरलेला गॅस उंच खांबावरच्या त्या मशालीत जाळावा लागे.

"बिरगिट, शहराकडून येणाऱ्या गॅसचा दाब उतरव ना जरा. म्हणजे माझा शिरेल," सकाळपासून फोन करकरून त्याने गॅस कंपनीच्या नियंत्रण कक्षातल्या बिरगिटचं डोकं खाल्लं होतं.

"उतरवते रे बाबा! पण पलीकडच्या दूध पावडरच्या कारखान्याला कमी पडला तर ते माझी सालटी काढतील. धीर धर की संध्याकाळपर्यंत."

धीर धरण्याची थॉर्किलला सवय होती. गावसमितीच्या गुड्रुनबाईंनी तर त्याचा धंदा सुरू झाल्यापासून शेताकडची खिडकी उघडली नव्हती. वाटेत तो दिसला की त्या नाकाला रुमाल लावत. आपल्याला गावाने एकदा तरी आपलं म्हणावं, एवढीच त्या बिचाऱ्याची इच्छा होती.

त्या दिवशी नेमकी सांक्त हान्स या उन्हाळी सणाची संध्याकाळ. तळ्याकाठी होळी पेटवायची, गवताची चेटकीण जाळायची आणि गाणी म्हणायची, हा रिवाज. पण पाऊस नव्हता, म्हणून आगीवर बंदी. गुड्रुनबाईंनी नवा एप्रन घालून सजवलेली चेटकीण हातगाडीत बसून होती. इतक्यात त्यांना शेतापलीकडे ज्वाळा दिसली.

"बंदी आपण आग पेटवायला आहे. ही तर आधीच पेटलीय," त्या म्हणाल्या. नियम न मोडता वाट काढायची म्हटल्यावर गाव मागे राहतं होय!

सगळं गाव आपल्या अंगणाकडे येताना बघून थॉर्किल गोठ्यामागे लपला.

"अरे, बाहेर ये!" बायको आग्नेट ओरडली. "भांडायला कोण घडीच्या खुर्च्या घेऊन येतं?"

खुर्च्या मांडल्या गेल्या. बिअर आली, स्ट्रॉबेऱ्या आल्या. मशाल फार उंच, त्यामुळे चेटकिणीला जाळता येईना. तेव्हा तिला निदान आग दिसेल अशी बसवली.

"थॉर्किल, इतकी देखणी आग गावात कधी झाली नव्हती हो!" गुड्रुनबाई म्हणाल्या. हातात रुमाल नव्हता. आणि मग थॉर्किलला बिरगिट आठवली. तो फोनकडे धावत सुटला.

"बिरगिट, दाब उतरवू नकोस! असेल तसा राहू दे!"

"काय? सकाळपासून माझे कान किटवलेस तू!"

"फक्त एक गाणं होईपर्यंत गं."

"कारखानेवाल्यांच्या हातापाया पडून आत्ताच उतरवलाय. तुझा सगळा गॅस आत घेतेय मी. आता नाच आनंदाने!"

बाहेर गाण्याचं दुसरं कडवं चाललं होतं. ज्वाळा बुटकी झाली, निळी झाली आणि फुस्स करून विझली. सूर हवेतच राहिले. सगळ्यांनी थॉर्किलकडे पाहिलं.

"विझवलीत?" गुड्रुनबाईंचा आवाज चढला.

"मी नाही. गॅस गेला... नळीत."

"कुणाच्या नळीत?"

"तुमच्याच."

 गुड्रुनबाईंनी हातगाडीची मूठ धरली. "चला माझ्या घरी!"

त्यांच्या स्वयंपाकघरात शेगडीचे चारही बर्नर पेटले. वर कॉफीची किटली चढली. चेटकीण स्टुलावर बसली. माणसं ओट्यापर्यंत कोंबली गेली आणि राहिलेलं गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. घामाने जीव कासावीस झाला, तेव्हा गुड्रुनबाईंनीच ती गंजलेली खिडकी ढकलून उघडली.

वारा नेमका थॉर्किलच्या गोठ्याकडून शेणाचा वास घेऊन आला. कुणीतरी नाक मुरडलं आणि खिडकी लावायला हात पुढे केला. दारात उभ्या थॉर्किलने मान खाली घातली.

"राहू दे रे," किटली उतरवत गुड्रुनबाई म्हणाल्या. "आपल्याच गॅसचा आहे."