पंचवीस भोकांचा कम्प्युटर

बाळाभाऊ कुठलाही कम्प्युटर आधी मागून पाहतात. बैल घेणारा आधी दात पाहतो, तसं. दुकानदार बिचारा पुढून स्क्रीन दाखवतोय आणि हे टेबलामागे वाकून टॉर्च मारताहेत. एकदा बँकेत पासबुक भरायला गेले आणि काउंटरच्या आत शिरून साहेबांच्याच कम्प्युटरमागे ओणवे झाले. शिपायानं दंडाला धरून बाहेर आणलं. सोडवायला मी गेलो. नेहमी मीच जातो, कारण दारव्ह्यात माझं घर त्यांच्या भिंतीला लागून आहे आणि माझ्याकडे गाडी आहे. माझी पापं ती एवढीच.

ते शोधतात ते पंचवीस भोकांचं पोर्ट. पूर्वी प्रिंटर जोडायला कम्प्युटरच्या मागे असायचं ते. बाळाभाऊ आयटीआयत वायरिंग शिकवायचे. त्यांना कधीतरी कळलं, की या भोकांतून तारा काढल्या तर कम्प्युटर आठ दिवे आपण म्हणू तसे लावतो, विझवतो. झालं! गेली काही वर्षं त्यांच्या घरच्या महालक्ष्म्यांपुढे हीच आरास असते आणि आरतीला झांजही कम्प्युटरच वाजवतो. खरं सांगायचं तर आरास काही फार भारी नाही. सात दिवे आपले लुकलुकतात आणि मधला लाल झांजेबरोबर उघडझाप करतो.

कंपन्यांनी ते पोर्ट काढून टाकलं. कोणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. "एक पोर्ट ठेवलं असतं तं कंपनीवाल्यायचं काय गेलं असतं?" हे बाळाभाऊंचं पालुपद. दूधवाल्यालाही ऐकवतात, तेरवीच्या पंगतीतही ऐकवतात. "कम्प्युटर बारीक करून राह्यले म्हणे. मी कोणाले म्हटलं होतं का, मले जाडा चालत नाई म्हणून?"

यंदा महालक्ष्म्या आठ दिवसांवर आल्या आणि त्यांचा जुना कम्प्युटर बसला. त्याच्याबरोबर माझे आठ दिवसही बसले. गावातला दुकानदार म्हणाला, "काका, आता सगळं यूएसबी." यवतमाळच्या दुकानदारानं एक केबल दिली, एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला पंचवीस भोकं. बाळाभाऊ खूश. दिवसभर खटपट केली, दिवा पेटेल तर शपथ. त्या केबलीवर फक्त प्रिंटर चालतो. "म्हंजे भोकं देल्ली अन् आतलं काढून घेतलं," बाळाभाऊ म्हणाले. मलाही त्या कंपनीवाल्यांचा राग यायला लागला होता. त्यांच्यापायी माझी रजा चालली होती.

मग पुसदच्या एका जुन्या सामानवाल्याला फोन लावला. बाळाभाऊंनी त्याला कम्प्युटरची भोकं मोजायला लावली. पंचवीस भरली म्हणाला. निघालो. तिथे जाऊन पाहतो तर एक पोर्ट पंधराचं आणि शेजारी दुसरं नऊचं. तो गृहस्थ शांतपणे म्हणाला, "दोन्ही मिळून चोवीस होतात. एखादं इकडं-तिकडं चालते ना?"

परतताना माझं डोकं फिरलं. गाडी कडेला घेतली आणि बोललो, "बाळाभाऊ, बाजारात लाइटची माळ मिळते. घ्या, लावा, अन् माझा पिच्छा सोडा."

ते चिडतील असं वाटलं होतं.  पण ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "सुधीरभाऊ, शोभा टाळ्या चुकते."

शोभावहिनी म्हणजे त्यांची बायको. पाच-सहा वर्षांपासून त्यांना ऐकू येत नाही. यंत्र लावलं की डोकं धरून बसतात.

"पहिल्या साली आरती संपली तरी शोभा टाळ्या वाजवतच होती," बाळाभाऊ म्हणाले. "पोरीसोरी हासल्या. वाईट मनानं नाई हासल्या. पण दुसऱ्या साली आरतीच्या टायमाले ते चुलीपाशी. म्हणे, आंबील बुडाले लागते. अन् महालक्ष्म्या बसवते कोण? तेच. म्हणून तो लाल दिवा. झांज अन् दिवा संगंच. ते दिव्याकडे पाह्यते अन् टाळी देते. मी तिले सांगतलं नाई. तिले वाटते आरासच आहे, दिव्यावर टाळी द्याचं तिनं आपसूकच पकडलं. माळ लावून काय करू?"

मला माझीच लाज वाटली. तरी चिडचिड गेली नव्हती, त्यामुळे मी जरा ओरडूनच म्हणालो, "मग बेलचं बटन लावा त्या दिव्याला. मी बसतो मागे दाबत."

इतका साधा उपाय आयटीआयच्या मास्तरांना सुचला नव्हता. मी हे बोलून दाखवलं नाही.

तर पूजेच्या दिवशी मी महालक्ष्म्यांच्या पडद्यामागे पाटावर, हातात बटन. पुढे माणसं झांजा कुटताहेत, एकाची लय दुसऱ्याला नाही, आणि मी घाम पुसत बटन दाबतोय. फटीतून मला शोभावहिनी दिसत होत्या. समोरच उभ्या, नजर खाली दिव्यावर, हात बरोबर पडत होते. शेजारी बाळाभाऊ आरतीचं ताट ओवाळत होते, पण पाहत होते ते वहिनींच्या हातांकडे. आरती संपली, मी बोट उचललं आणि सगळ्यांबरोबर त्यांचेही हात थांबले. माझा जीव भांड्यात पडला.

पंगतीत बाळाभाऊ माझ्या शेजारी बसले होते. वहिनी पुरणाच्या पोळ्या घेऊन आल्या, माझ्या पानात दोन वाढल्या आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा मोठ्यानं म्हणाल्या, "सुधीरभाऊ, पडद्याखालून पाय दिसत होते तुमचे. दुसऱ्या आरतीत दोनदा चुकले तुम्ही, लोकायच्या टाळ्या पडल्या अन् दिवा मागून."



"यायची मशीन कधी चुकली नाई," बाळाभाऊंकडे हात करून त्या म्हणाल्या. "माह्यासाठी एवढं करते माणूस. पुढच्या साली यायले ते भोकाचं पाहून द्या कुठून तरी."

आणि तूप आणायला आत गेल्या. बाळाभाऊ आंबिलीत पोळी कुस्करत बसले. कितीतरी वेळ कुस्करत होते.