धोंडप्पाच्या डाव्या हाताला मुंग्या

सोलापूरच्या जुळे सोलापूर भागातल्या गुरुसिद्धप्पांना रिटायर झाल्यापासून एकच नोकरी उरली होती, स्वतःचं बीपी मोजायची. चहाआधी एकदा, चहानंतर एकदा आणि मघाचं खरं की आत्ताचं हे ठरवायला तिसऱ्यांदा. शेवटी डॉक्टरच टेकीला आले.

"काका, तुम्हाला काही झालेलं नाही. मशीन कपाटात ठेवा आणि गोष्टी लिहा!"

गुरुसिद्धप्पांनी घरात कुणाला न सांगता वही आणली. गोष्टीतला धोंडप्पा आपली कहाणी स्वतःच सांगायचा, सगळं 'मी, मी' करत. गुरुसिद्धप्पांना जी भीती वाटेल ती त्यांनी धोंडप्पाच्या गळ्यात मारली. डाव्या हाताला मुंग्या आल्या, दिल्या त्याला. घाम फुटला, तोही त्यालाच. महिनाभरात धोंडप्पानं अंथरूण धरलं आणि गुरुसिद्धप्पा रोज एक भाकरी जास्त खाऊ लागले.

एके दिवशी झाडलोट करताना ती वही त्यांच्या बायकोच्या, काशम्मांच्या हाती लागली. नेमकं पान उघडलं, 'आता माझे थोडेच दिवस राहिले. घरात सांगायचं नाही, बिचारे घाबरतील.' काशम्मा मटकन खाली बसल्या. बीपी बीपी करून घर डोक्यावर घेणारा माणूस महिनाभर गप्प होता, म्हणजे या खेपेला दुखणं खरंच असणार!

आता दुखणेकऱ्याला दुखणं कळू द्यायचं नाही, ही आपली जुनी रीत. काशम्मांनी गुपचूप अक्कलकोटला भावाला फोन लावला, शेजारच्या झीनतभाभींच्या कानावर घातलं आणि आमटीतलं मीठ बंद केलं.

"शेंगाचटणी कुटं हाय?" गुरुसिद्धप्पांनी ताटावरून विचारलं.

"संपली."

सोलापुरातल्या घरात शेंगाचटणी संपली! गुरुसिद्धप्पांचा घास हातातच राहिला.

चौथ्या दिवशी दुपारी झीनतभाभी दोन शहाळी घेऊन आल्या. "सहज आले, भाईसाब," म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसू लागल्या. मागोमाग मेहुणा निंगप्पा सफरचंदांची पिशवी घेऊन हजर.

"सहजच आलो की, दाजी!"

लग्नकार्य असल्याशिवाय निंगप्पा कधी उंबरा ओलांडत नसे. गुरुसिद्धप्पांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. डॉक्टरांनी यांना सगळं सांगितलंय, फक्त आपल्याला नाही. म्हणूनच गोष्टी लिहायला बसवलं! त्यांनी कपाटातून मशीन काढलं, धूळ फुंकली आणि पट्टा बांधला. आकडा एकशे ऐंशीच्या वर.

"निंगप्पा, खरं सांग. डॉक्टर काय म्हणाले?"

"काय न्हाय की. तुमी निस्ता आराम करा."

"किती दिवस राहिले माझे?"

काशम्मांनी हंबरडाच फोडला. निंगप्पानंही धीर सोडला. "आता लपवून काय उपेग, दाजी? मघाशी सैपाकघरात आक्कानं वही दावली मला. मी पुढची पानं बी वाचली. एवढंच सांगा, अकलूजचा चाळीस एकर ऊस कुणाच्या नावावर केलाय?"

"कसला ऊस? माझ्या गॅलरीत एक तुळस हाय! ऊस धोंडप्पाचा!"

"कोण धोंडप्पा?"

सगळा उलगडा झाला तेव्हा झीनतभाभी हसून हसून खुर्चीत कलंडल्या. निंगप्पाही हसला, पण चाळीस एकर गेल्याचं दुःख त्याच्या तोंडावर दिसत होतं. काशम्मा तेवढ्या हसल्या नाहीत.

"मग त्या धोंडप्पाचं काय करणार आता?"

"मारणार. उद्याच. शेवट ठरलाय माझा."

काशम्मा उठून आत गेल्या. संध्याकाळी ताटात चटणी परत आली, पण ताट आदळूनच.

सकाळी गुरुसिद्धप्पांनी धोंडप्पाला मारायला वही उघडली. शेवटच्या ओळीखाली काशम्मांचं किराणाच्या यादीतलं तिरपं अक्षर होतं, 'डॉक्टर आले. म्हणाले, काय बी झालं न्हाय. धोंडप्पा उठून चटणी भाकरी खाल्ला. त्याची बायको चार दिवस झोपली नव्हती, ती झोपली.'

गुरुसिद्धप्पांनी त्या ओळी दोनदा वाचल्या. मग एकही शब्द न बदलता त्यांनी खाली 'समाप्त' लिहिलं आणि मशीन पुन्हा कपाटात ठेवून दिलं.