वनदेवीचा निरोप समारंभ

"सिनेमाचा आवाज बंद करा आणि माईक इकडे द्या!" भोंगेकाका म्हणाले. "बाकीचं माझ्यावर सोडा. अहो, दोन नंबरची बस पाच नंबरला लागली तरी मी कधी गोंधळ होऊ दिला नाही. इथं तर नुसता मुलांचा सिनेमा!"

काकांचा सगळा जन्म बसस्थानकावर घोषणा करण्यात गेला होता. निवृत्त झाले, पण घशाला ते कोणी कळवलं नव्हतं. घरात ते चहासुद्धा असा मागत, की शेजारच्या बाई बॅग उचलून निघायच्या बेतात येत.

त्या दिवशी त्यांची गरजही तशीच पडली होती. प्रार्थनागृहाच्या खालच्या हॉलमध्ये मुलांसाठी कार्टून सिनेमा ठेवला होता. तो निवडला होता दातांच्या डॉक्टरीणबाईंनी. मुलांचा धर्मवर्ग त्याच घेत. पोस्टरवर एक मुलगी आणि एक गोजिरवाणं हरीण होतं, म्हणून बाई निर्धास्त होत्या. दुपारी दवाखान्यात त्यांनी सहज तो लावून पाहिला आणि एका पेशंटला तसंच आ वासून ठेवून काकांना फोन केला.

"काका, घोटाळा झालाय! झाडात देवी आहे. चांदण्यात मंत्र म्हणणारी चेटकीण आहे. अख्खं गाव झाडापुढे आडवं पडतं! मी दर आठवड्याला मुलांना सांगते, प्रार्थना फक्त देवाची करायची. आणि आता मीच हे दाखवू?"

"मग रद्द करा."

"हॉलवरून निरोप आलाय, मुलं कधीची येऊन बसलीत! बिस्किटंही संपवली त्यांनी. आता नाही म्हणून सांगण्यापेक्षा भूल न देता अक्कलदाढ काढणं सोपं!"

बाईंचा आवाज खरंच रडवेला झाला होता. काका चपला घालून निघाले. सोबत नात होतीच. तिला सिनेमा बघायचा होता.

दिवे गेले. पडद्यावर मोठं झाड उजळलं आणि त्याच्या खोडातून हिरव्या केसांची बाई बाहेर आली.

"प्रवाशांनो... आपलं, मुलांनो!" काका गरजले. "या वन अधिकारी मॅडम. झाडांची मोजणी करायला आल्यात."

"त्या झाडातून का आल्या?" पहिल्या रांगेतून प्रश्न आला.

"ऑफिस तिथंच आहे. जागेची टंचाई!"

बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात अधिकारी मॅडम हवेत उडाल्या.

"काका, त्या उडतात कशा?"

"सरकारी जीप नादुरुस्त आहे!"

पुढे चांदण्यात काळा झगा घातलेली म्हातारी आली. तिने कढईत काहीतरी ढवळलं आणि नायिकेच्या भावाला पाजलं.

"या डॉक्टरीणबाई," ते म्हणाले. "खोकल्याचं औषध देताहेत."

मुलगा औषध प्याला आणि त्याचं हरीण झालं!

सगळी मुलं हळूच वळली आणि दारापाशी उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाईंकडे बघू लागली.

"काका!" बाई दबक्या आवाजात ओरडल्या. "उद्या माझ्याकडे दात दाखवायला कोण येईल?"

"दुरुस्ती ऐका!" काकांनी घाईघाईने सांगितलं. "या डॉक्टर नाहीत. कुठलीही पदवी नसलेल्या बाई आहेत. मुलांनो, दात नेहमी पदवी बघूनच दाखवा!"

आता काकांना रंग चढला. गावकरी झाडापुढे आडवे पडले, तेव्हा कोणाची तरी किल्ली हरवली होती. शेकोटीभोवती नाच झाला, तेव्हा गारठ्याने सगळ्यांचे पाय आखडले होते. शेवटी मॅडम लखलखत खाली उतरल्या, गावाने त्यांच्यावर फुलं उधळली, आणि काकांनी सरळ जाहीर केलं, "आज मॅडम निवृत्त होताहेत! हा निरोप समारंभ आहे!"

आणि मग काय झालं कोण जाणे, ते मॅडमच्या वतीने भाषणच करू लागले. "मित्रांनो, उन्हातान्हात नोकरी केली. कधी कोणाची चुकामूक होऊ दिली नाही. शेवटच्या दिवशी कोणी दोन शब्द बोलेल असं वाटत होतं... पण संध्याकाळची बस सुटली, आणि आपला माईक आपणच बंद करून..."

इथं काकांचं भाषण तुटलं. डोळे पुसायला रुमाल काढावा म्हणून ते मागे सरकले आणि खुर्चीत बसले. खुर्चीत रिमोट होता.

"मीच या वनाची देवी!" पडद्यावरून हॉल हादरवणारा आवाज आला. "माझ्यापुढे मस्तक नमवा!"

नेमकं त्याच वेळी दार उघडून धर्मगुरू आत आले.

काका ताडकन उठले, रिमोट दाबला आणि श्वास न घेता म्हणाले, "असं कोणताही अधिकारी म्हणाला तर घाबरू नका! ताबडतोब लेखी तक्रार करा!"

मुलं हसून हसून एकमेकांवर कोसळली. धर्मगुरू मात्र गंभीर चेहऱ्याने पडद्याकडे बघत राहिले. बाई पुढे आल्या.

"माझीच चूक झाली. आधी बघायला हवा होता. मुलांच्या डोक्यात नको ते शिरेल म्हणून काकांनी..."

"ते नंतर बोलू," धर्मगुरूंनी हात वर केला आणि एका लहान मुलाच्या शेजारी सतरंजीवर मांडी घातली. "आधी सांगा, त्या हरणाचं पुढं काय झालं?"

हरणाचा पुन्हा मुलगा झाला. काकांच्या म्हणण्याप्रमाणे औषधाचा अंमल उतरला. टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंनी काकांचे हात धरले आणि पुढच्या सिनेमालाही त्यांनाच बोलावलं. काका घरी निघाले ते रस्त्याच्या मधून, छाती पुढे काढून.

"बघितलंस?" ते नातीला म्हणाले. "देवी नाही, चेटकीण नाही, कोणाला पत्तासुद्धा लागला नाही!"

"आजोबा," नात जरा घुटमळली, "तो सिनेमा आम्ही सगळ्यांनी आधीच बघितलाय. घरी. खूप वेळा. झाडात देवी नसते, ती गोष्ट असते, हे माहितीय आम्हाला."

काका जागीच थबकले. मागून आलेल्या सायकलवाल्याने घंटी वाजवून वाजवून शेवटी वळसा घातला.

"मग एकानेही मला थांबवलं कसं नाही?"

"मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं," नात म्हणाली. "आजी म्हणते, आजोबा बोलायला लागले की मध्ये थांबवायचं नाही. दमले की आपोआप गप्प होतात."