स्पीकरखालच्या दगडाचा पंचनामा

जगातले निम्मे तंटे दगड चुकीच्या जागी असल्यामुळे होतात, आणि उरलेले निम्मे तो तिथून हलवल्यामुळे. हे मत तेलुगू मुलखाच्या सीमेवरच्या तलमडुगु मंडलातल्या खैरझरी गावच्या चंपतरावांचं आहे आणि त्याला चौतीस वर्षांच्या नोकरीचं वजन आहे. चंपतराव गिरदावर होते. शेताच्या हद्दी तपासायच्या, सरकलेले दगड परत रोवायचे, पिकाची आणेवारी लावायची आणि सगळ्याचा पंचनामा करून खाली पाच पंचांच्या सह्या घ्यायच्या, हे त्यांचं काम. असा माणूस निवृत्त झाला तरी त्याच्यातला गिरदावर निवृत्त होत नाही. तपासायला शेतं उरली नाहीत की तो घर तपासतो.

गेल्या दिवाळीत त्यांच्या मुलाने, प्रज्वलने, हैदराबादहून दोन स्पीकर पाठवले. कमरेइतके उंच, काळेभोर. चंपतरावांनी ते बैठकीत मांडून भजन लावलं आणि आवाज बसका असल्याचा निर्णय दिला. (त्यांच्या पत्नी देवकाबाईंना तो चांगला वाटला होता, परंतु त्यांचं मत मागवण्यात आलं नव्हतं.) मग सवयीप्रमाणे आणेवारी लावली. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक. हा आवाज निघाला सहा आणे. सहा आण्याला दुष्काळ म्हणतात, तेव्हा बैठकीत दुष्काळ जाहीर करण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

उपाय मोबाइलवर सापडला. एका व्हिडिओत परदेशातला एक गृहस्थ स्पीकरखाली दगडाची लादी सरकवून डोळे मिटून बसला होता. तो काय बोलत होता ते चंपतरावांना कळलं नाही, पण दगड कळला. खाली दगड नसेल तर आवाज आपली हद्द सोडून जमिनीत घुसणार, ही गोष्ट त्यांना इतकी उघड वाटली की आजवर ती सुचली नाही याची त्यांना लाज वाटली.

पुढचे तीन आठवडे मुआयना, म्हणजे दगडांची पाहणी, चालला. नोंदवहीतले निष्कर्ष असे:

न्हाणीघराची उरलेली शहाबादी फरशी: नऊ आणे. पायऱ्या चढताना धाप लागल्यासारखा आवाज.

इचोड्याच्या दुकानातून आणलेला ग्रॅनाइटचा तुकडा, काळा: साडेदहा आणे. (दुकानदाराने लाल तुकडाही दाखवला होता, पण भजनाला काळाच बरा, असा सल्ला त्यानेच दिला. तो स्वतः गाणी ऐकत नाही, म्हणून त्याचं मत निःपक्षपाती मानलं.)

स्वयंपाकघरातला पाटा: दहा आणे. सोबत मिरचीचा वास. दोन दिवस घरात चटणी नाही.

शेजारच्या बाबारावांच्या शेताच्या बांधावरचा हद्दीचा दगड: अजमावला नाही, कारण तो हलवणं गुन्हा आहे आणि तो चंपतरावांनीच रोवलेला आहे. मात्र त्यांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

अंगणातला धुण्याचा दगड: पंधरा आणे.

हा शेवटचा दगड देवकाबाईंचा. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी त्यांच्या वडिलांनी तो इकडच्याच, मराठी वस्तीच्या मुधोळहून बैलगाडीत घालून आणला होता, कारण मुलगी सासरी सिमेंटवर कपडे धुते, हे त्यांना बघवलं नव्हतं. छत्तीस वर्षं त्यावर धुणं आपटून त्याची वरची बाजू मधोमध किंचित खोलगट आणि गुळगुळीत झाली होती. स्पीकरचे चार पाय त्या खोलगटीच्या कडेला असे बसले, जणू देवकाबाईंनी इतकी वर्षं त्याचसाठी मेहनत घेतली होती. चंपतरावांनी हे त्यांना कौतुकाने सांगितलंही.

एका स्पीकरला दगड आणि दुसऱ्याला नाही, हा अन्याय झाला असता. म्हणून बाबारावांनी, बायको भागाबाई बहिणीकडे गेली आहे तोवर, तिचाही दगड गडगडवत आणून दिला. बाबारावांना आवाजातलं काही कळत नव्हतं, पण बैठकीतला चहा त्यांना आवडायचा.

त्या दिवसापासून देवकाबाई सिमेंटच्या फरशीवर वाकून धुणं धुऊ लागल्या. दगडाला उंची होती, फरशीला नव्हती. चौथ्या दिवशी त्यांची कंबर धरली. त्यांनी नवऱ्याला दगड परत मागितला. चंपतरावांनी शांतपणे सांगितलं, की तोंडी तक्रारीची दखल त्यांनी नोकरीत कधी घेतली नाही, आता घरच्यांसाठी नियम मोडला तर लोक काय म्हणतील. लेखी दरख्वास्त द्यावी.

देवकाबाईंनी दरख्वास्त दिली. ती शेजारच्या अर्पिताकडून लिहून घेतली होती, आणि अर्पिता तेलुगू शाळेत शिकलेली, म्हणून ती तेलुगूत होती. चंपतरावांनी ती परत केली. (शेरा: दगड मुधोळचा, सबब मराठी. अर्ज दगडाच्या भाषेत करावा.) दुसरी मराठीत आली. ती दोन ओळींची होती: कंबर दुखते. दगड द्या. चंपतरावांनी ती वाचली, तारीख टाकली, शिक्का नाही म्हणून हळहळले आणि मोका पंचनाम्याचा, म्हणजे जागेवरच्या पाहणीचा, हुकूम काढला. दगडाने आवाज सुधारतो असं पाच पंचांनी लिहून दिलं तर दगड स्पीकरखाली राहील. एक सही जरी कमी पडली तरी तो अंगणात जाईल. इतका न्यायी हुकूम घरात क्वचित निघतो.

गुरुवारी अकरा वाजता पंच जमले. बाबाराव, किराणा दुकानाचे सुधाकरराव, निवृत्त मास्तर यशवंतराव, आणि पंढरी, जो ट्रॅक्टरचा टायर मागायला आला होता आणि बसवून घेतला गेला. पाचवे पंच म्हणून खुद्द देवकाबाईंचं नाव टाकलं होतं, म्हणजे पुढे कुणी पक्षपात म्हणू नये. पण त्या अंगणात धुणं धूत होत्या. बोलावल्यावर म्हणाल्या, बादली संपली की येते.

आमच्याकडे पंचनाम्याची एक चांगली पद्धत आहे. पंच आधी सही करतात आणि मग पाहणी होते. कापूस पाण्यात गेल्याचा पंचनामा असो की गोठा जळाल्याचा, उन्हातान्हात उभं राहून माणसाचा हात थरथरतो, म्हणून सही सावलीतच उरकतात. त्याप्रमाणे चौघांनी कोऱ्या कागदावर सह्या केल्या, चंपतरावांनी भजन लावण्यासाठी बटण दाबलं, आणि लाइन गेली.

हलका विचार करणारा माणूस इथे थांबला असता. चंपतराव क्षणभरच थांबले. मग त्यांनी पंचांना समजावलं, की लाइन असताना ऐकू येतो तो आवाज विजेचा, मशिनीचा आणि दगडाचा मिळून असतो, त्यात दगडाचा वाटा किती हे सांगणं कठीण. वीज नसताना मात्र जे काही ऐकू येईल ते निखळ दगडाचं. अशी संधी परदेशातल्यांनाही मिळत नाही, कारण त्यांच्याकडे लाइन जात नाही.

पंचांनी डोळे मिटले. सुधाकररावांनी आवाज अगदी साफ असल्याचं सांगितलं, खरखर बिलकुल नाही. यशवंतराव मास्तरांना आवाजात एक प्रकारची शांतता जाणवली. पंढरीने टायरचं विचारलं, ते नोंदवलं नाही. आणि बाबारावांची मान हळूहळू हलू लागली.

"ठेका लय भारी येऊन राह्यला," ते म्हणाले.

ठेका खरंच येत होता. थप, थप, आणि मध्ये जरा दम खाऊन पुन्हा थप. पंचांच्या माना एका लयीत हलत होत्या. चंपतरावांनी लिहिलं: ठेका स्पष्ट व भरीव.

'भरीव' लिहिताना मात्र त्यांचा हात अडखळला. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. छत्तीस वर्षं त्यांची सकाळ या आवाजाने उजाडली होती. अंगणात देवकाबाईंचं धुणं दगडावर पडायचं, तो आवाज घुमून गल्लीच्या टोकापर्यंत जायचा आणि तो आला की घरात सगळं ठीक आहे असं त्यांना झोपेतच कळायचं. आत्ताचा आवाज तो नव्हता. सिमेंटवर पडून तो बसका झाला होता. त्यांच्या कानाने सवयीने आणेवारी लावली: सहा आणे. चंपतरावांना वाईट वाटलं. अगदी आतून, खरोखर वाईट वाटलं. पण सहा आण्यांसाठी त्या कागदावर रकाना नव्हता.

तेवढ्यात ठेका थांबला. (नोंद: दगड किंचित सरकला असावा.) एक हात कमरेवर ठेवून देवकाबाई दारात उभ्या राहिल्या. त्यांनी डोळे मिटून डोलणारे चौघे पाहिले, मग भिंतीवरचा बंद पंखा पाहिला.

"लाइन गेली," त्या म्हणाल्या. "मंग तुमी आयकून काय राह्यले?"

 चंपतरावांनी कागद पुढे केला आणि पाचव्या ओळीवर बोट ठेवलं. देवकाबाईंनी ओल्या हातांकडे बघितलं, ते पदराला पुसले, आणि कागदाला न शिवता नवऱ्याला म्हणाल्या, "मी सही नाई करत. माझा दगड द्या."

 चार सह्या, पाचवी कोरी. हुकमाप्रमाणे दगड अंगणात जायला हवा होता आणि चंपतरावांच्या मनात, हे कुणाला सांगू नका, सुटल्यासारखं झालं होतं. ते स्पीकर उचलायला वाकलेही होते. पण पंचनामा पंचाअभावी रद्द करण्याआधी, मोक्यावर हजर असलेला आणखी कुणी तटस्थ इसम आहे का, हे बघण्याचा नियम आहे.

तसा एक इसम सापडला. तो या गोष्टीच्या पहिल्या ओळीपासून इथेच होता. पाटा गेला, दगड गेला, बाईची कंबर धरली, दरख्वास्त परत आली, हे सगळं त्याने पाहिलं. लाइन गेल्याचं त्याला माहीत होतं. ठेका कुठून येतो तेही त्याला सगळ्यांच्या आधी कळलं होतं. तरी दगड परत द्या असं तो एकदाही म्हणाला नाही. उलट दोन-तीनदा मान डोलावून हसला. पंचाकडून याहून जास्त काही अपेक्षित नसतं.

तेव्हा पाचव्या ओळीवर तुमचं नाव घातलं आहे. सही करा, चहा निवतोय. देवकाबाईंनीच केलाय.