तीन थरांचा नमुना

आमच्या मारेगावचे महादेवजी ग्रेडर लग्नाच्या पंगतीतही वरचा भात घेत नसत. वाढप्याला परातीच्या तळातून काढायला लावत. "वरचा माल दाखवाचा असते, बाप्पा." सारा जन्म कापूस खरेदी केंद्रावर गेलेला. गाडीत कोपरापर्यंत हात खुपसायचा, तळचा कापूस उपसायचा, बोटांत ओढून धागा बघायचा, प्रत ठरवायची आणि समोरच्या शेतकऱ्याचं तोंड उतरवायचं. कापसाच्या त्या पडत्या वर्षांत केंद्र बंद झालं, महादेवजी घरी बसले. हात मात्र बसला नाही.

साठी उलटल्यावर यवतमाळच्या डॉक्टरांनी त्यांना आतड्याच्या कॅन्सरची तपासणी सुचवली. आधी शौचाचा नमुना, त्यात रक्त दिसलं तर दुर्बीण. सल्ल्याला ते माझ्याकडे आले, कारण मी शेजारी आणि वर गणिताचा मास्तर. मी सगळं सोडवून दाखवलं. लवकर सापडलं तर बरं होतं. पण रक्त मूळव्याधीचंही असू शकतं, मग दुर्बिणीचा त्रास फुकट. आदल्या दिवशी जुलाबाचं औषध. क्वचित आतड्याला इजाही होते. पाऊण तासानं करावं की करू नये, हे मलाच कळेना.

"मास्तर, तुमचे पोट्टे नापास काहून होतेत, ते आज समजलं," एवढं बोलून ते उठले.

नमुना मात्र दिला. तो यवतमाळला पोचवायचा मान माझा. प्रयोगशाळेत पिशवी उघडली, तर डब्या तीन. प्रत्येकीवर चिठ्ठी: वरचा थर, मधला थर, तळ. तिथल्या बाई हसू दाबत म्हणाल्या, "तुमचाच ना?" मी घाबरून हो म्हणालो. रिपोर्ट माझ्या नावानं आला. त्यात रक्त होतं. मी खरं सांगेपर्यंत बायकोनं दोन दिवस मला मऊ भात भरवला, आणि खरं सांगितल्यावर तिसऱ्या दिवशी काहीच नाही.

आता दुर्बीण करणं भाग होतं. महादेवजी टाळत राहिले. कधी थंडी, कधी कुणाची तेरवी. शेवटी मी चिडून त्यांच्या ओट्यावर गेलो. त्यांची बायको, आमच्या काकू, वारल्यापासून देवाच्या वाती तेच वळत. त्या दिवशीही वातीच चालल्या होत्या. म्हटलं, या वयात जुलाबाला काय भिता?

"जुलाबाले कोन भेते?" वातीवरून नजर न काढता ते म्हणाले. "वाईट निघालं तं डाक्टर सांगते. पन चांगलं निघालं, तं घरी येऊन म्या सांगू कोनाले?"

मारेगावात उभा जन्म काढलेल्या मी त्यांना विचारलं, आपण दोघं जायचं तर यवतमाळची पहिली एसटी किती वाजता असते.