वाचनालयात घोडा

जयेंद्रगंजातल्या मराठी वाचनालयात तरुण पोरं दिसली नाहीत, तर शनिवारी हॉल कोचिंग क्लासला देऊन टाकायचा, असं अध्यक्ष संग्रामसिंहांनी बजावलं. ग्रंथपाल दिनकररावांची झोपच उडाली. अख्खी नोकरी त्या हॉलमध्ये गेलेली. आता तिथे गणिताचे फळे लागणार म्हणून त्यांचा जीव तीळतीळ तुटत होता.

पोरं मोबाइलवर आहेत तर आपणच तिथे जाऊ, असं त्यांची पुतणी यशश्री म्हणाली. तिने एका ऑनलाइन गेममध्ये विटेवर वीट रचून हुबेहूब हेच वाचनालय बांधलं. हरिशंकरपुरमपासून बाड्यापर्यंत, शहरभरातली पोरं घरबसल्या त्यात शिरली. ओळख झाली की इकडेही येतील, असा तिचा हिशेब. मग कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला बाहेर काढायचं, ते बटण काकांना दाखवून ती कॉलेजला गेली. इथेच चुकलं.

दिनकररावांनी चष्मा लावून पाहिलं, तर सुश्रुत टेबलावर उड्या मारतोय, निधी कपाटावर चढून बसलीय आणि विहंग चक्क घोड्यावरून संदर्भ विभागात आलेला. वाचनालय म्हणजे वाचनालय, मग ते मोबाइलमधलं का असेना! त्यांनी एकेकाला बाहेर काढलं आणि वर नेहमीचा नियम लिहिला: गोंधळ घालणाऱ्याने स्वतः येऊन ग्रंथपालांची माफी मागावी, मगच प्रवेश. शुक्रवारपर्यंत गेममध्ये चिटपाखरू उरलं नाही.

यशश्रीने कपाळावर हात मारला. "काका, उद्या अध्यक्षांना दाखवणार काय?"

दिनकररावांनी चष्मा काढून पुसला. खरं तर बिचारे रडकुंडीला आले होते.

शनिवारी संग्रामसिंह आले, तर दारात चपलांचा ढीग आणि आत पाय ठेवायला जागा नाही. सगळी पोरं माफीच्या रांगेत. रांग हलेना म्हणून कुणी मासिक चाळत होतं, कुणी आपसात भांडत होतं. विहंग अगदी काकुळतीला आला होता.

"काका, घोडा आपोआप अंदर आला हो. मैं तो उतरतच होतो. आता बैन काढा ना, गेममध्ये परत घ्या."

"आधी घोडा बाहेर बांधायला शीक," दिनकरराव म्हणाले.

अध्यक्षांनी उभ्या उभ्याच कोचिंगवाल्याला फोन करून नकार कळवला. मग यशश्रीला बाजूला घेऊन, या गेममध्ये शिरायचं कसं, ते हळूच विचारून घेतलं.

सोमवारी वाचनालय उघडलं, तेव्हा दाराशी संग्रामसिंह मान खाली घालून उभे होते.

दिनकररावांनी चष्म्यावरून पाहिलं. "घोडा?"

"हत्ती," अध्यक्ष पुटपुटले.