माऊस, तीन प्रतींत

तिसगावच्या हायस्कुलात क्लार्क असलेल्या भागवतने एका रविवारी दुपारी बायकोला खूश करायचं ठरवलं. असले विचार त्याला क्वचितच सुचत, आणि सुचले की घरातली माणसं जरा सावध राहत.

पंकजा डावखुरी. घरातला कॉम्प्युटर शाळेने निकाली काढलेला, त्याची स्मरणशक्तीही निकालीच निघालेली. बंद करून चालू केला की माऊसची सेटिंग साफ विसरायचा. मग पंकजा मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवरच्या दोन ओळी टाइप करायची. पहिलीने माऊसची डावी-उजवी बटणं आपसात बदलायची, दुसरीने स्क्रीनवरच्या बाणाचा वेग निम्मा व्हायचा. दिवसातून पाच वेळा लाईट गेली तर पाच वेळा टाइप करायचं. एरवी तिची तक्रार नव्हती, पण सध्या तिच्या हातात चुलतबहिणीची, बेलापूरच्या निकिताची लग्नपत्रिका होती. निकिताच्या वडिलांनी, श्रीमंतनानांनी, शहरातला डिझायनर सोडून हे काम पुतणीला दिलं होतं. पत्रिका नीट निघाली तर पंकजाचा धंदा सुरू होणार होता, आणि भावकीतलं एक नाव जरी गळलं तर तिला माहेरी तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती. नावं होती दोनशे त्रेसष्ट.

मशीन चालू होतानाच त्या दोन ओळी आपोआप चालाव्यात, एवढंच भागवतला करायचं होतं. इंटरनेटवर शोधलं तर एकाने सांगितलं अमुक फायलीत टाका, दुसऱ्याने सांगितलं तमुक फायलीत, तिसऱ्याने तिसरीच जागा दाखवली. बावीस वर्षं नोकरी केलेल्या क्लार्कला यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. एक मूळ प्रत, एक दुय्यम प्रत, एक स्थळप्रत. (स्थळप्रत ठेवल्याशिवाय त्याने कधी किरकोळ रजेचा अर्जही दिला नव्हता.) त्याने तिन्हीकडे टाकलं आणि मशीन बंद करून चालू केली. बटणं उलटी झाली होती. ती उलटी, सुलटी आणि पुन्हा उलटी अशी तीनदा फिरली होती, हे त्याला कळायचं कारण नव्हतं. बाण जरा जड चालला, तर त्याने मनाशी म्हटलं, नुकती उठलीय मशीन. पंकजाला मात्र तो काही बोलला नाही. सांगून केलं तर कौतुक कोण करणार?

सोमवारी सकाळी पंकजाने मशीन चालू केली आणि सवयीने चिठ्ठीवरच्या दोन ओळी टाइप केल्या. बटणं चौथ्यांदा फिरून पुन्हा उजव्या हाताची झाली. बाणाचा वेग चौथ्यांदा निम्मा होऊन रुपयातला एक आणा उरला. उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर चढावर जातो तसा तो बाण चालू लागला. तिने माऊस पुसला, खालचं कापड बदललं, वायर हलवून बघितली. नेमकं त्याच दिवशी पाच वाजता नाना पत्रिकेची फाइल न्यायला येणार होते आणि रात्रीच छापखाना सुरू होणार होता. तिने उगाच छेडछाड न करता दात-ओठ खात काम रेटलं.

साडेचारला भागवत घरी आला तेव्हा नाना आधीच येऊन खुर्चीत बसले होते. पत्रिका झाली होती, फक्त एक नाव राहिलं होतं, ते भागवतचंच. जावयाचं नाव निमंत्रकांत पहिलं पाहिजे असा नानांचा हुकूम होता. पंकजा ते अगदी तळातून वर ओढत निघाली होती आणि माऊस नऊ वेळा उचलून-ठेवून पत्रिकेच्या मध्यापर्यंत पोचली होती.

"सकाळधरनं काय झालंय याला, काय कळंना," ती म्हणाली. "तेवढं तुमचं नाव वर न्या. मी चहा गाळते."

भागवतने माऊस हलवला. झालं काय हे त्याला तत्काळ समजलं, पण सासऱ्याच्या सख्ख्या भावासमोर कबूल कोण करणार? त्याने गुपचूप प्रती काढायला घेतल्या. मूळ प्रत सापडली, दुय्यम सापडली, दोन्ही पुसल्या. स्थळप्रत कुठे ठेवली ते आठवेना. (त्याची नोंद त्याने केली होती, पण ती वही शाळेच्या कपाटात होती.) तेवढ्यात लाईट गेली.

लाईट आली ती पाचला दहा कमी असताना. नाना चपला घालत होते. मशीन चालू झाली, पत्रिका शेवटची सेव्ह केली होती तशी उघडली, आणि एकच प्रत उरल्यामुळे माऊस एकदम सुतासारखा सरळ झाला. त्या आनंदात भागवतने यादी हातात घेतली आणि शाळेत मस्टर तपासतो तशी पत्रिका तपासली. नाव दिसलं की टिक. दोनशे त्रेसष्ट टिका झाल्या.

"समदी हायेत ना?" पंकजाने आतून विचारलं.

"समदी हायेत," भागवत म्हणाला, आणि पेनड्राईव्ह नानांच्या हातात दिला.

आठवड्याने पत्रिका आली. पंकजाने ती उभ्यानेच वाचली आणि भागवतपुढे धरली. खाली कोपऱ्यात लहान मुलांची किलबिल होती : पार्थ, दिशा, श्री. भागवतराव (तिसगाव), ज्ञानेश्वरी. आणि त्याखाली, 'आमच्या निकूमावशीच्या लग्नाला यायचं हं!'

भागवतने तिथल्या तिथे तिन्ही प्रतींची कबुली दिली. पंकजाला रागवायला सवडच मिळाली नाही, कारण नानांचा फोन आला. इतक्या वर्षांत प्रथमच भावकीतून एकही रुसवा नव्हता आणि पुणतांब्याच्या पाहुण्यांनी पुढची पत्रिका तिलाच सांगितली होती. जावयाच्या नावाचं? त्यांनी बघितलं होतं, पण घरच्या माणसाने गंमत केली असेल असं समजून सगळे हसले होते. तिने फोन ठेवला. तिचे डोळे भरून आले होते.

"दोनशे त्रेसष्टात एकच चुकलं," ती म्हणाली, "आन् ते घरातलं. बरं झालं."

लग्नात मानकऱ्यांना फेटे बांधायला माणूस बसवला होता आणि यादी म्हणून त्याच्या हातात पत्रिकाच दिली होती. निमंत्रक संपले, व्यवस्थापक संपले, तरी भागवतचं नाव काही येईना. शेवटी किलबिल सुरू झाली. त्या मंडळींसाठी नानांनी छोटे, तयार फेटे आणले होते. पार्थला मिळाला, दिशाला मिळाला, आणि मग त्या माणसाने भागवतकडे एकदा, पत्रिकेकडे एकदा बघून तिसरा पुढे केला.

चारचौघांत वाद नको म्हणून भागवतने तो डोक्यावर ठेवला. त्याला वाटलं होतं, होणार नाही. बरोबर बसला.